मोफत फाइलीवरून घरचे लाकडी फर्निचर: प्लाय मोजण्यापासून भिंतीला बांधण्यापर्यंत

फर्निचरची मोफत फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर घालून सीएनसीच्या (संगणकाने चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) दुकानात न्यायची, दुकानदाराकडे असेल त्या प्लायवर कापून घ्यायची आणि तुकडे घेऊन घरी यायचे. बहुतेक जण याच क्रमाने जातात आणि जोडणीला बसल्यावर अडकतात. खाचा सैल निघतात, नाहीतर कुसू, म्हणजे खाचेत बसणारी तुकड्याची जीभ, आत जातच नाही. मग मोगरी मारली जाते आणि प्लायचे पदर सुटतात. दोष फाइलीला दिला जातो. खरी चूक मात्र क्रमात असते. क्रम असा हवा: आधी प्लाय, मग मोजमाप, मग फाइलीत आकडे, मग नमुना आणि सगळ्यात शेवटी कटिंग.

हा लेख मोकळ्या परवान्याच्या पॅरामेट्रिक डिझाइनबद्दल आहे. यात उंची, रुंदी, खोली आणि प्लायची जाडी एवढे आकडे भरले की संगणक सगळे तुकडे, खाचा आणि कुसवे पुन्हा आखून देतो. उदाहरण म्हणून एक साधा पुस्तकांचा रॅक घेऊ: उंची १०५० मिमी, बाहेरून रुंदी ७२०, खोली २८०. दोन बाजू, चार फळ्या आणि मागे दोन आडव्या पट्ट्या. स्टूल, टेबल किंवा बाक करायचा असला तरी क्रम हाच.

## १. फाइल निवडताना

पहिला प्रश्न: फाइलीतले आकडे बदलता येतात का? ओपनएससीएडी किंवा फ्रीकॅड या मोफत आरेखन-प्रोग्रॅमची मूळ फाइल मिळत असेल तर येतात. फक्त एसटीएल दिली असेल तर ती सोडून द्या. एसटीएल म्हणजे त्रिकोणांनी बनलेला गोठलेला आकार. थ्रीडी प्रिंटिंगला तो चालतो, पण त्यातली खाच १८ वरून १७.६ करायची सोय नसते. फक्त डीएक्सएफ, म्हणजे नुसत्या रेषांचे सपाट ड्रॉइंग, मिळाली तर काम होऊ शकते, पण प्रत्येक खाच हाताने बदलावी लागेल. नवख्याने त्यात पडू नये.

ओपनएससीएडी की फ्रीकॅड? मी रॅक, स्टूल यांसारख्या सरळ कामाला ओपनएससीएडी सुचवेन. सगळे बदलते आकडे फाइलीच्या सुरुवातीला ओळीने लिहिलेले असतात आणि कस्टमायझरच्या खिडकीत ते भरताही येतात. फ्रीकॅडमध्ये हेच आकडे स्प्रेडशीटमध्ये असतात. माउसने काम करायची सवय असेल तर तुम्हाला ते जवळचे वाटेल. खुर्चीचा आकार हाताने रेखून त्याचे तुकडे मिळवायचे असतील तर स्केचचेअर हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे, पण पहिलेच काम खुर्चीचे करू नका. खुर्चीवर माणसाचा भार तिरका पडतो आणि जोडातली चूक थेट पाठीला कळते.

दुसरा प्रश्न परवान्याचा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात ‘बीवाय’ असेल तर मूळ रचनाकाराचे नाव द्यायचे. ‘एसए’ असेल तर तुमची बदललेली फाइल वाटताना त्याच परवान्याखाली वाटायची. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर बंद. ओपनडेस्क या फर्निचर-डिझाइनच्या संकेतस्थळावरच्या अनेक डिझाइनना हा ‘एनसी’ लागू आहे. घरासाठी एक रॅक केलात तर अडचण नाही, तोच रॅक करून विकायला काढलात तर परवानगी लागेल. सुतारकाम करणाऱ्यांनी हे फाइल निवडतानाच पाहावे.

तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो: हे डिझाइन कोणत्या प्लायसाठी आखले आहे? युरोपातली बरीच डिझाइन १८ मिमी बर्च प्लाय धरून केलेली असतात. त्यात पातळ, एकसारखे १३ थर असतात आणि आत पोकळी जवळजवळ नसते. आपल्याकडच्या साध्या कमर्शियल प्लायचे थर जाड-बारीक असतात, मध्ये कोअरला गॅप असतो. बर्चमध्ये २० मिमी रुंदीचे कुसू टिकते, आपल्या प्लायमध्ये तेच पहिल्या ठोक्याला तुटू शकते. म्हणून कुसवाची रुंदी आणि खाचेपासून कडेपर्यंतचे अंतर, दोन्ही किमान ४० मिमी ठेवता येतील असे डिझाइन घ्या.

तपासणी: फाइल उघडा, जाडीचा आकडा १८ वरून १२ करा आणि चित्र पुन्हा तयार करा. खाचांची रुंदी आणि कुसवांची लांबी दोन्ही बदलली तर फाइल खरी पॅरामेट्रिक आहे. एकच बदलले तर दुसरी फाइल शोधा.

## २. जागा मोजा, भार ठरवा

जिथे रॅक ठेवायचा तिथली रुंदी जमिनीलगत, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा, कारण भिंती ओळंब्यात असतीलच असे नाही. सगळ्यात कमी आकडा धरा आणि त्यातून १० मिमी वजा करा. स्कर्टिंगची टाइल पुढे आलेली असते हे विसरू नका. स्विचबोर्ड आणि दार उघडण्याची जागाही पाहून घ्या.

आता फळीची लांबी. पुस्तकांनी भरलेल्या फळीवर दर फुटाला ठरावीक वजन येते, त्यामुळे लांबी दुप्पट केली की बाक सोळापट होतो. जाडीचा हिशेब उलटा चालतो: १२ मिमीची फळी १८ मिमीच्या फळीपेक्षा सुमारे ३.४ पट जास्त वाकते. १८ मिमी प्लायवर पुस्तके ठेवायची असतील तर दोन आधारांमधले अंतर ७५० मिमीच्या आत ठेवा. आपल्या रॅकची रुंदी ७२० घेतली ती यासाठीच. रुंद भिंत भरायची असेल तर दोन रॅक शेजारी ठेवा. संगणक दीड मीटरची फळी बिनतक्रार आखून देईल, पण ती वाकेल हे तो सांगणार नाही.

मागच्या आडव्या पट्ट्या काढून टाकायचा मोह अनेकांना होतो, कारण त्या नसल्या की रॅक दिसायला हलका वाटतो. पण डावीकडून उजवीकडे डोलणे त्याच थांबवतात. प्रत्येकी १०० मिमी रुंद, एक वरच्या फळीखाली आणि एक तळच्या फळीवर, अशा दोन ठेवा. फाइलीत नसतील तर घाला.

## ३. प्लाय आधी आणा

आपल्याकडे ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० बाय १२२० मिमीची शीट मिळते. जाडी मागताना ‘पाऊण इंची’ म्हणू नका. पाऊण इंच म्हणजे १९ मिमी, आणि दुकानात त्या नावाखाली १८ चीही शीट मिळते आणि १९ चीही. सुतारांच्या सुतात बोलले तर घोळ आणखी वाढतो, कारण एक सूत म्हणजे ३ मिमीहून जास्त आणि इथे आपला जीव पाव मिलिमीटरात आहे. सरळ ‘१८ एमएम’ सांगा. ‘कॅलिब्रेटेड’ शीट मिळत असेल तर ती घ्या. तिची जाडी यंत्रावर घासून सारखी केलेली असते आणि या कामात त्या जादा पैशांचे मोल लगेच कळते.

प्रत पाहताना शीटवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ या भारतीय मानकाखाली एमआर (दमटपणा सोसणारी) आणि बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारी) अशा दोन प्रती येतात, आयएस ७१० म्हणजे मरीन. कोरड्या हवेच्या गावात पुस्तकांच्या रॅकला एमआर पुरतो. कोकणात, मुंबईत किंवा तळमजल्यावरच्या ओलसर खोलीत बीडब्ल्यूआर घ्या. स्वयंपाकघरातल्या सिंकजवळच्या कामाला आयएस ७१०.

शीट उभी करून चारी कडा उजेडात पाहा. कडेवर काळ्या फटी दिसल्या तर आतही पोकळी असणार. बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवा. मध्येच बद्द आवाज आला तर दुसरी शीट मागा. मग शीट घरी किंवा सीएनसीच्या दुकानात सपाट ठेवून दोन-तीन दिवस तिथल्या हवेला रुळू द्या. भिंतीला तिरकी टेकवून ठेवली तर ती बाक धरते. पावसाळ्यात हे दिवस वाढवा, कारण दमट हवेत प्लायची लांबी-रुंदी फारशी बदलत नाही, पण जाडी फुगते.

## ४. जाडी मोजा

यासाठी डिजिटल व्हर्नियर हवा. टेप चालणार नाही. चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य अशा आठ ठिकाणी मोजा. अगदी काठावर मोजू नका, कड दबलेली किंवा फुगलेली असू शकते. व्हर्नियरचे जबडे होईल तेवढे आत घाला. आठही आकडे कागदावर लिहा.

‘१८’ लिहिलेली शीट बहुधा १७.३ ते १८.५ च्या दरम्यान कुठेतरी भरते. आठ आकड्यांतला फरक ०.४ पेक्षा जास्त असेल तर ती शीट या कामाची नाही, बदलून मागा. फरक कमी असेल तर सर्वांत मोठा आकडा धरा. थोडी सैल खाच सावरता येते. घट्ट खाचेत कुसू ठोकले की प्लाय फाटतो आणि त्याला इलाज नाही. आपल्या उदाहरणात मोठा आकडा १७.६ आला असे समजू.

इतक्या बारीक फरकाने खरेच काही बिघडते का? १८ च्या खाचेत १७.३ ची फळी घातली तर ०.७ मिमीची फट राहते. कुसवाचा खांदा घट्ट टेकलेला नसेल तर १०५० मिमी उंचीच्या रॅकचे वरचे टोक भूमितीच्या हिशेबाने सुमारे ४ सेंटीमीटर कलू शकते. फेव्हिकॉल ही फट भरून काढत नाही. तो दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटलेले असतील तरच धरतो.

सावधान, मायका लावणार असाल तर: दोन्ही अंगांनी ०.८ मिमीचा सनमायका चिकटवला की १७.६ ची फळी १९.२ च्या पुढे जाते, गोंदाचा थर वेगळाच. तुकडे कापून झाल्यावर मायका लावायचे ठरवले तर एकही कुसू खाचेत जाणार नाही. मायका हवाच असेल तर अख्ख्या शीटला आधी लावून, दाबून, वाळवून घ्या आणि नंतर जाडी मोजा.

एकापेक्षा जास्त शीट लागणार असतील तर प्रत्येकीवर क्रमांक घाला. खाचेची रुंदी तिच्यात जाणाऱ्या तुकड्यावर ठरते, खाच ज्या तुकड्यात आहे त्यावर नाही. दोन शीटमध्ये फरक निघाला तर सगळ्या फळ्या एका शीटमधून आणि सगळ्या बाजू दुसरीतून काढा.

## ५. आकडे भरा, चित्र ओढून मोठे करू नका

रॅक थोडा रुंद हवा म्हणून ड्रॉइंग निवडून १० टक्क्यांनी मोठे करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्यात खाचाही १० टक्क्यांनी वाढतात. १८ ची खाच १९.८ होते, प्लाय मात्र होता तेवढाच राहतो. आकार नेहमी फाइलीतल्या आकड्यांनीच बदला.

भरायचे आकडे या क्रमाने घ्या.

1. जाडी: १७.६.
2. बिटचा, म्हणजे मशीनच्या फिरत्या पात्याचा, व्यास: दुकानात विचारून. बहुतेक ठिकाणी ६ मिमी, काही ठिकाणी पाव इंची, म्हणजे ६.३५.
3. सैलपणा, म्हणजे खाच जाडीपेक्षा किती मोठी ठेवायची: प्लायसाठी सुरुवातीला ०.२. नेमका आकडा नमुना कापल्यावर ठरेल.
4. उंची, रुंदी, खोली, फळ्यांमधली अंतरे.

आकडे भरल्यावर एक हिशेब हाताने करून पाहा. बाहेरची रुंदी ७२०, दोन बाजूंची जाडी ३५.२, म्हणजे फळीचा आतला भाग ६८४.८ आणि कुसवांसकट पूर्ण लांबी ७२०. संगणकाने वेगळे काही दाखवले तर फाइलीत कुठेतरी १८ हा आकडा थेट लिहून ठेवलेला आहे. तो शोधून काढा. मोफत फाइलींमध्ये ही उणीव वारंवार सापडते: मुख्य खाचा बदलतात, पण मागच्या पट्टीची खाच जुन्याच मापाची राहते.

फळ्यांमधले अंतर ठरवताना तुमच्या घरातले सर्वांत उंच पुस्तक मोजा आणि त्यावर ३० मिमी सोडा. शाळेच्या ए-४ फायली ठेवायच्या असतील तर तळच्या कप्प्याला ३३० मिमी लागतात.

## ६. आतले कोपरे

फिरणारा गोल बिट आतला काटकोन कापू शकत नाही. ६ मिमीच्या बिटने खाचेच्या प्रत्येक कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई उरते, आणि कुसवाचा चौकोनी कोपरा तिथे अडतो. यासाठी कोपऱ्यात बिटच्या मापाचे अर्धगोल जादा कापतात, त्याला दुकानात डॉगबोन म्हणतात. फाइलीत त्याची सोय असेल तर ती चालू करा आणि बिटचा व्यास तुमचा भरा. डॉगबोनचा व्यास बिटपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी मोठा ठेवा. बरोबर तेवढाच ठेवला तर काही सॉफ्टवेअर त्या जागी बिट नेतच नाही.

डॉगबोन दिसायला आवडत नाही म्हणून गाळू नका. गाळायचा असेल तर प्रत्येक कोपरा पटाशीने काटकोनात काढायची तयारी हवी. आपल्या रॅकमध्ये खाचांचे कोपरे तीसच्या पुढे जातात.

## ७. पुठ्ठ्याचा नमुना

१:६ प्रमाण सोयीचे आहे, कारण १८ चे ३ होतात. सगळी मापे सहाने भागा, पण जाडी मात्र तुमच्या पुठ्ठ्याची किंवा ३ मिमी एमडीएफची मोजून भरा. लेझर कटिंग करून घेत असाल तर डॉगबोन बंद करा. पुठ्ठा कटरनेही कापता येतो.

नमुना जोडताना क्रम लिहून ठेवा. शेवटची बाजू बसवताना चारही फळ्या आणि दोन्ही पट्ट्या एकाच वेळी ओळीत याव्या लागतात, आणि कधी कधी एखादी पट्टी अशा जागी असते की आत जायला वाटच नसते. हे पुठ्ठ्यावर कळले तर एक आकडा बदलून सुटते.

## ८. शीटवर मांडणी

तुकडे शीटवर मांडायला डीपनेस्टसारखे मुक्तस्रोत साधन आहे, पण त्याला प्लायचा रेषा-दाणा कळत नाही. ते जागा वाचवण्यासाठी तुकडे फिरवते. फिरवणे बंद करा किंवा फक्त १८० अंशांत फिरू द्या. फळीच्या लांबीच्या दिशेने वरच्या पापुद्र्याच्या रेषा धावल्या पाहिजेत, तर ती कमी वाकते. बाजूंच्या रेषा उभ्या.

आपला रॅक हातानेच मांडता येतो. १२२० रुंदीत २८० च्या चार पट्ट्या बसतात: चार पट्ट्यांचे ११२०, मधल्या तीन फटींचे प्रत्येकी १५ म्हणजे ४५, दोन्ही कडांना २०-२०. एकूण १२०५. पहिल्या पट्टीत दोन बाजू, दुसरीत तीन फळ्या, तिसरीत चौथी फळी आणि दोन मागच्या पट्ट्या. चौथी पट्टी अख्खी मोकळी राहते. ती भरायला जाऊ नका. दहाव्या टप्प्यातला खाच-नमुना आणि एखादा तुकडा बिघडला तर त्याची बदली तिच्यातूनच काढायची आहे.

## ९. फाइल बाहेर काढताना

इथली चूक मशीन सुरू होईपर्यंत दिसत नाही. डीएक्सएफमध्ये आकडे असतात, पण ते मिलिमीटर की इंच हे उघडणारे सॉफ्टवेअर कित्येकदा स्वतःच ठरवते. एसव्हीजी या दुसऱ्या प्रकारच्या ड्रॉइंग-फाइलीत दर इंचाला किती बिंदू धरायचे यावर घोळ होतो. यावर एक साधा उपाय आहे: ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० बाय १०० मिमीचा एक चौकोन वेगळ्या थरावर ठेवा. दुकानातल्या संगणकावर फाइल उघडली की सगळ्यात आधी तो मोजायला सांगा.

- १०० आला: पुढे चला.
- ३.९४ किंवा २५४० आला: इंच आणि मिमीची अदलाबदल झाली आहे.
- ७५ किंवा १३३ आला: ७२ आणि ९६ बिंदूंचा घोळ.
- ९३.७५ किंवा १०६.७ आला: इंकस्केपची ०.९२ च्या आधीची आवृत्ती ९० बिंदू धरत असे, नंतरच्या ९६ धरतात.

दार-जाळीचे काम करणाऱ्या दुकानांत फाइल अनेकदा कोरलड्रॉमध्ये उघडतात. तिथे डीएक्सएफ आणताना एक एकक बरोबर एक मिमी हा पर्याय निवडायला सांगा.

ओपनएससीएडीतून काढताना गोलाईचे तुकडे किमान ६४ ठेवा, नाहीतर वळणदार कड कंगोऱ्यांची दिसते. बाहेर काढलेल्या रेषा सुट्या असू शकतात. लिब्रेकॅड किंवा इंकस्केपमध्ये त्या जोडून प्रत्येक आकार बंद करून घ्या, आणि एकावर एक दोनदा आलेल्या रेषा पुसा. दुहेरी रेषेवर मशीन दोनदा फिरते आणि खाच सैल होते.

आतल्या खाचा, बाहेरची कड आणि क्रमांकांचे खोदकाम तीन वेगळ्या थरांवर, तीन रंगांत ठेवा. थरांची नावे इंग्रजी अक्षरांत द्या. देवनागरी नावे जुन्या डीएक्सएफमध्ये मोडतात.

## १०. सीएनसीच्या दुकानात

प्लायवूड आणि हार्डवेअरच्या पेठेजवळ एमडीएफच्या जाळ्या आणि दारांचे नक्षीकाम करणारी दुकाने असतात. त्यांच्याकडे बहुधा ‘१३२५’ म्हणून ओळखले जाणारे मशीन असते, ज्यावर १३०० बाय २५०० मिमीचे काम होते. अख्खी शीट त्यावर बसते. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब, म्हणजे अशी मशीन असलेली खुली कार्यशाळा, आहे. अशा ठिकाणी स्वतः मशीनजवळ उभे राहून शिकता येते.

जाळी कापणाऱ्याला मिलिमीटरच्या दहाव्या भागाची गरज पडत नाही. जाळी अर्धा मिमी इकडे-तिकडे झाली तरी दिसत नाही. त्यामुळे तुमचे काम जोडाचे आहे, शोभेचे नाही, हे सुरुवातीलाच सांगा आणि पुढच्या गोष्टी कागदावर लिहून द्या.

1. खाचा रेषेच्या आतून, कड रेषेच्या बाहेरून. मधोमध रेषेवर कापले तर ६ मिमी बिटने प्रत्येक खाच ६ मिमीने मोठी आणि प्रत्येक तुकडा ६ मिमीने लहान होतो.
2. आधी सगळ्या खाचा, मग बाहेरच्या कडा. कड आधी कापली तर तुकडा हलतो आणि खाच तिरकी जाते.
3. जाडी तीन फेऱ्यांत कापा. शेवटच्या फेरीत बिट शीटखाली अंथरलेल्या टाकाऊ एमडीएफमध्ये ०.२ मिमी उतरू द्या, म्हणजे खाली पापुद्रा लटकत नाही.
4. प्रत्येक तुकड्याला तीन-चार ठिकाणी टॅब (तुकडा शीटला धरून ठेवणारे न कापलेले छोटे भाग), ६ ते ८ मिमी रुंद आणि २ मिमी जाड. कुसवावर किंवा खाचेत टॅब नको.
5. बिट धारदार हवा. शक्यतो कॉम्प्रेशन किंवा डाउनकट, म्हणजे वरचा थर खाली दाबत कापणारा, नाहीतर वरचा पापुद्रा उचकटतो.

### आधी खाच-नमुना

पूर्ण शीट लावण्याआधी चौथ्या पट्टीच्या टोकावर एक कंगवा कापून घ्या: सात खाचा, १७.४ पासून १८.० पर्यंत, प्रत्येकी ०.१ ने वाढत्या. आकडे शेजारी पेन्सिलने लिहा. सोबत त्याच पट्टीतून एक छोटा तुकडा कापून तो एकेका खाचेत घालून पाहा. हाताच्या दाबाने आत जातो, उलटा धरून हलवला तरी आपोआप पडत नाही, अशी खाच तुमची. ती १७.८ निघाली तर सैलपणा ०.२ बरोबर आहे. १७.९ निघाली तर फाइलीत ०.३ भरा आणि फाइल पुन्हा काढा. म्हणून लॅपटॉप सोबत न्या.

फाइलीत आकडे बरोबर असताना ही चाचणी का हवी? धार लावून लावून ६ चा बिट ५.९ चा झालेला असतो. त्याने खाच ०.१ ने अरुंद येते आणि तुकडा ०.१ ने मोठा. शिवाय मशीनच्या दोन दिशांत फरक असू शकतो. त्यासाठी कंगवा एकदा शीटच्या लांबीच्या दिशेने आणि एकदा रुंदीच्या दिशेने कापा. दोन्हींत ०.१ पेक्षा जास्त फरक आला तर मालकाशी बोला, नाहीतर दुसरे दुकान पाहा.

सावधान: दुकानदार ‘रोजच कापतो, टेस्टची गरज नाही’ म्हणाला तरी कंगवा कापूनच घ्या, त्याचे वेगळे पैसे द्या. त्याला तुमच्या शीटची जाडी माहीत नाही.

कापताना चष्मा आणि मास्क लावा. प्लायचा बारीक भुसा आणि त्यातले गोंदाचे कण फुप्फुसांना चांगले नाहीत.

## ११. घासणे, सुकी जोडणी, चिकटवणे

टॅब पटाशीने किंवा बारीक करवतीने कापा, हाताने मोडू नका, पापुद्रा निघतो. उरलेला उंचवटा कानशीने काढा.

आता एकदा गोंद न लावता पूर्ण रॅक जोडा. पुठ्ठ्याच्या नमुन्याचा क्रम समोर ठेवा. एखादे कुसू अडले तर ठोकण्याआधी पाहा कुठे चमक आली आहे. तेवढीच जागा पॉलिश पेपरने हलकी घासा. जोडून झाल्यावर मागून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे असतील तर रॅक काटकोनात आहे. गुण्या एका कोपऱ्याचे सांगतो, कर्ण सगळ्या चौकटीचे.

मग सुटे करा आणि घासा: १२० नंबर, मग १८०, मग २४०. इथे बरेच जण उत्साहात कुसवांची तोंडेही गुळगुळीत करतात आणि मेहनतीने मिळवलेला ०.१ घालवतात. कुसवांना आणि खाचांच्या आतल्या भिंतींना हात लावू नका. दिसणारे भाग आणि कडा घासा, हाताला लागणाऱ्या धारा किंचित मोडा.

पॉलिश सुट्या तुकड्यांवर करणे सोपे, कोपऱ्यांत ब्रश अडत नाही. पण त्याआधी कुसवांवर आणि खाचांच्या तोंडाशी मास्किंग टेप लावा. सँडिंग सीलर आणि पीयू पॉलिशचे हात चढले की जाडी वाढते आणि पॉलिशवर फेव्हिकॉल धरत नाही. हे दोन्ही त्रास टेपने वाचतात. कडांना एक हात जास्त द्या, तिथे प्लाय रंग पितो. सीलर वाळल्यावर हलके घासून मगच पुढचा हात.

चिकटवताना गोंद खाचेच्या आतल्या भिंतींना पातळ लावा. कुसवाला भरपूर लावला तर आत जाताना तो सगळा बाहेर येऊन पॉलिशवर ओघळतो. गोंदातल्या पाण्याने प्लाय फुगायला लागतो, त्यामुळे रेंगाळू नका: क्लॅम्प, ओले फडके, मोगरी आणि तिच्याखाली धरायचा लाकडाचा तुकडा हाताशी ठेवूनच बाटली उघडा. दोन माणसे हवीत. क्लॅम्प आवळले की लगेच कर्ण पुन्हा मोजा. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन टोकांवर तिरका क्लॅम्प लावून तो दाबा. चोवीस तास हलवू नका.

एखादा जोड सैलच राहिला तर त्यात भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरू नका, दिसायला भरते पण धरत नाही. त्याच प्लायचा पापुद्रा किंवा सागाची पातळ चीप गोंद लावून फटीत सरकवा आणि वाळल्यावर कडेशी कापा.

## १२. भिंतीला बांधा

२८० मिमी खोलीचा आणि मीटरभर उंचीचा रॅक लहान मूल वर चढले की पुढे येतो. वरच्या मागच्या पट्टीतून दोन स्क्रू भिंतीत रावळ प्लगसह बसवा. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर तिच्यासाठीचे वेगळे प्लग मिळतात, ते वापरा. जड पुस्तके तळाला ठेवा.

पहिला पावसाळा उलटल्यावर एकदा कुसवांची टोके हाताने चाचपून पाहा. बाजूच्या पृष्ठभागाच्या वर आली असतील तर घासून पुन्हा एक हात पॉलिश द्या.

आणि परवाना परवानगी देत असेल तर तुमची सुधारलेली फाइल पुन्हा सर्वांसाठी ठेवा. सोबत एवढे लिहा: प्लाय कोणता आणि मोजून किती भरला, बिट किती मिमीचा, सैलपणा किती चालला, आणि मूळ फाइलीत कोणता आकडा अडकलेला सापडला. ‘१८ मिमी प्लाय’ एवढेच लिहू नका.